गळतीवर पाणी मारायचं का?

प्रश्न विचारणारा मुलगा डिचोली तालुक्यातला. रसायनशास्त्रात बीएस्सी, दोन महिन्यांपूर्वी एका जलशुद्धीकरण प्रकल्पावर ऑपरेटर म्हणून लागलेला. त्याचं म्हणणं असं: क्लोरीनच्या खोलीत रोज थोडा वास येतो, जुने लोक म्हणतात सवय होईल. गळती झाली तर पाइप लावून पाणी मारायचं, असं एकानं सांगितलंय. सिलिंडरवर विषारी आणि ऑक्सिडायझर अशी दोन्ही चिन्हं आहेत, मग हा वायू पेटतो का? आई नोकरी सोड म्हणते, सोडू का? आणि शेवटी एक ओळ: धाकटा भाऊ कळंगुटला हॉटेलच्या स्विमिंग पूलवर आहे, तिथे नुसते ड्रम असतात, म्हणजे तो तरी सुरक्षित ना?

वयानं माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. सत्तावीस वर्षं मी या वायूच्या शेजारी काढली, बहुतेक गोव्यातच.

आधी पाण्याचं, कारण ते चुकलं तर बाकीचं वाचायला वेळ मिळणार नाही. गळणाऱ्या जागेवर पाणी मारायचं नाही. कोरडा क्लोरीन लोखंडाला साध्या तापमानाला काही करत नाही, म्हणून तर तो लोखंडी टनरमध्ये, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, वर्षानुवर्षं भरला जातो. त्याला पाणी मिळालं की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, आणि ते लोखंड खातं. सुईएवढं भोक बघता बघता पेन्सिलीएवढं होतं. दुसरी गोष्ट उष्णतेची. आतला द्रव क्लोरीन उणे ३४ अंशाला उकळतो. गळताना तो थंड पडत जातो, धातूवर दंव जमतं, आणि गळतीचा जोर आपोआप थोडा कमी होतो. त्यावर आपलं अठ्ठावीस अंशांचं पाणी ओतलंस की तू त्याला ऊब देतोस, आणि वायू आणखी जोरात बाहेर येतो. अग्निशमन दलवाले लांबून, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला पाण्याचा पडदा उभा करतात ते ढग थोडा दाबायला. आग शेजारी लागली असेल तर न गळणारे टनर पाणी मारून थंड ठेवतात. या दोन्ही गोष्टी वेगळ्या.

याच जातीतला दुसरा सल्ला म्हणजे गळणारं सिलिंडर उचलून नदीत किंवा टाकीत ढकलायचं. वीस अंशाला एक लिटर पाण्यात जेमतेम सात ग्रॅम क्लोरीन विरघळतो. टनरमध्ये असतो नऊशे किलो. उरलेला सगळा बुडबुड्यांनी वर येणार, तोही आता ओल्या, गंजत्या भोकातून, आणि मासे मरणार ते वेगळेच.

आता सिलिंडरला सगळेच 'कॉम्प्रेस्ड गॅस' म्हणतात, पण डोक्यात चित्र द्रवाचं ठेव. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दाबलेला वायू असतो, काटा खाली आला की कळतं किती उरलाय. क्लोरीनचा काटा तसं काही सांगत नाही. आत द्रवाचा शेवटचा पेला उरेपर्यंत दाब तोच राहतो, फक्त हवामानाप्रमाणे बदलतो: वीस अंशाला वातावरणाच्या पावणेसात पट, मे महिन्यात पस्तीस अंशाला साधारण दहापट. म्हणून किती उरला हे वजनकाटाच सांगतो. एक लिटर द्रव बाहेर आला तर त्याचा साडेचारशे लिटरच्या वर वायू होतो. सबंध टनर मोकळा झाला तर शुद्ध वायूच सुमारे तीनशे घनमीटर. दहा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, ही जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानतात. तीनशे घनमीटर तेवढे पातळ करायला तीन कोटी घनमीटर हवा लागेल. हवेपेक्षा अडीचपट जड असल्यानं तो जमिनीलगत राहतो. तीन मीटरचा थर धरला तर हे दहा चौरस किलोमीटर होतं. ढग असा सारखा पसरत नाही, पण अंदाज यावा म्हणून हा हिशेब मी प्रत्येक नव्या माणसाला फळ्यावर करायला लावत असे.

द्रव आणि वायूचा हा फरक टनरवर रोज हाताला लागतो. टनरच्या एका तोंडाला दोन व्हॉल्व्ह असतात. रोलरवर टनर असा फिरवायचा की दोन्ही एकावर एक, सरळ उभ्या रेषेत यावेत. मग वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. तिरके राहिले तर वायूच्या नळीत द्रव शिरतो, रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारी काचेची नळी) दंवानं बाहेरून पांढरा पडतो आणि क्लोरिनेटरचे, म्हणजे वायू मोजून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राचे, प्लॅस्टिकचे भाग मऊ पडतात. गळती झाली तरी हाच नियम उलटा वापरायचा: भोक वरच्या बाजूला येईल असा टनर फिरवायचा, म्हणजे द्रवाऐवजी वायू गळेल आणि बाहेर पडणारा माल कितीतरी पटींनी कमी होईल. आणि द्रव क्लोरीन दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये कधीही कोंडू नको. तापला की तो फुगतो, त्याला जागा नसते, पाइप फाटतो.

ऑक्सिडायझरचा प्रश्न चांगला विचारलास. क्लोरीन स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला पेटवतो. ऑक्सिजन करतो तेच काम. पोलाद अडीचशे अंशांच्या आसपास तापलं की क्लोरीनमध्ये चक्क जळतं, म्हणून वायू असलेल्या लाइनवर वेल्डिंगची कांडी लावायचा विचारही नको. तेल, ग्रीस, टर्पेंटाइन यांच्याशी तो जोरात भांडतो. आपल्याकडे कुठलीही गोष्ट अडली की खोबरेल तेलाचे दोन थेंब घालायची सवय. एक फिटर नवीन आला होता, आधी बस गॅरेजमध्ये काम केलेला. घट्ट व्हॉल्व्हच्या स्पिंडलला, म्हणजे फिरवायच्या दांड्याला, ग्रीस लावायला बोटावर गोळा घेऊन उभा. मी त्याचा हात धरला तेव्हा तो रागावला, कारण त्याच्या धंद्यात ते शहाणपण होतं. घट्ट व्हॉल्व्हला तेल नाही, हातोडा नाही, पान्याला पाइप घालून लांबवणं नाही. वीतभर लांबीचा पाना घालायचा आणि त्याच्या टोकावर तळहातानं थाप मारायची. तरी नाही सुटला तर तो टनर पुरवठादाराला परत. एक पूर्ण फेरा उघडला की व्हॉल्व्ह पुरता उघडतो, आणखी फिरवून काही मिळत नाही.

रोजच्या वासाकडे येतो. "सवय होईल" हे वाक्य मी सगळ्यात धोक्याचं मानतो, कारण ते खरं आहे. नाकाला सवय होते. एक पीपीएमच्या खालीच वास कळतो, ही या वायूची मोठी मेहरबानी, आणि ती आपण रोज थोडी थोडी घालवतो. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठ तासांच्या पाळीला एक पीपीएम आणि पंधरा मिनिटांपुरती तीन ही मर्यादा घातली होती. घरून ताज्या नाकानं आलेल्या माणसाला दारात वास आला तर गळती आहे, वाद नाही. ती शोधायची अमोनियानं. काठीच्या टोकाला कापूस बांधायचा, अमोनियाच्या पाण्यात बुडवायचा आणि जोडाजवळून नुसता फिरवायचा. जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती. कापूस पितळेला टेकवायचा नाही, अमोनिया पितळ खातो. बहुतेक वेळा धूर स्पिंडलच्या ग्लँडपाशी, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगपाशी दिसतो, नाहीतर जोडावरच्या वॉशरपाशी.

वॉशरपाशी मी जरा थांबणार आहे.

टनर फुटल्याची गोष्ट मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. जे काही घडलं ते टनर बदलण्याच्या दहा मिनिटांत घडलं. चतुर्थीचे दिवस होते, निम्मे लोक गावी. संध्याकाळच्या पाळीला एकच ऑपरेटर, अनुभवी. टनर संपला, त्यानं नवा जोडला. योकमध्ये, म्हणजे नळी व्हॉल्व्हला आवळणाऱ्या पकडीत, शिशाचा वॉशर बसतो, तो एकदाच वापरायचा असतो, कारण दाबल्यावर शिसं चपटं होऊन आपला आकार घेतं, दुसऱ्यांदा तसं बसत नाही. डब्यात नवे वॉशर नव्हते. त्यानं जुनाच उलटा करून बसवला, घट्ट आवळला आणि व्हॉल्व्ह उघडला. थोडा नाही, सरळ पूर्ण. जोडातून वायू सुटला. वॉशर मागवायचं काम माझं होतं. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, माझ्या टेबलावर सही न करता तीन आठवडे पडला होता. वॉशरची किंमत तेव्हा चहापेक्षा कमी होती.

नीट पद्धत अशी. एकट्यानं टनर बदलायचा नाही, दुसरा माणूस दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर. जुन्या टनरचा व्हॉल्व्ह बंद करून क्लोरिनेटर चालूच ठेवायचा, म्हणजे नळीतला उरलेला वायू तो ओढून घेतो, रोटामीटरचा गोळा खाली बसतो. मग जोड सोडायचा. सुटलेल्या पिगटेलचं, म्हणजे तांब्याच्या लवचीक नळीचं, तोंड त्याच क्षणी टोपीनं बंद. पावसाळ्यात हे विशेष, कारण जुलैतली आपली हवा म्हणजे अर्धं पाणीच. उघड्या नळीत ओल शिरली की पुढचा क्लोरीन तिच्याशी मिळून आतून नळी खातो. जुने जोड पुसून नवा वॉशर घालायचा. व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच बंद करायचा. आता नळीत थोडासाच वायू अडकलाय. अमोनियाचा कापूस फिरवायचा. धूर नाही, तरच उघडायचा. गळतच असेल तर नळीभर वायूच गळेल, टनरभर नाही. त्या संध्याकाळी एवढं एक पाऊल जरी झालं असतं तरी वॉशर जुना असूनही काही झालं नसतं.

'रिकामा' टनरही रिकामा नसतो. आत दाबानं वायू असतोच. व्हॉल्व्ह बंद, टोपी घट्ट, वर संरक्षक झाकण, आणि भरलेल्यापासून वेगळा. टनर सावलीत हवेत, पत्र्याच्या उघड्या शेडखाली मे महिन्यात नव्हे. त्यांच्यात जे फ्यूजिबल प्लग असतात ते सत्तर अंशांच्या आसपास वितळतात, आणि वितळले की टनर फुटत नाही पण सगळा माल बाहेर येतो. बेवारस सिलिंडरचं काय होतं ते मुंबईनं १४ जुलै २०१० ला पाहिलं. शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेलं क्लोरीनचं सिलिंडर गळलं आणि शंभराहून जास्त माणसं रुग्णालयात गेली. उचलण्यातही घाई नको. जॉर्डनमधल्या अकाबा बंदरात २७ जून २०२२ ला जहाजावर चढवताना क्रेनची दोरी तुटून क्लोरीनची टाकी खाली पडली, तेरा माणसं गेली. आपला भरलेला टनर दीड टनाच्या आसपास असतो. त्याला योग्य बीमनंच उचलायचा, साखळीचा फास टाकून नाही.

त्या ऑपरेटरनं दुसरी चूक केली ती पळताना. खोलीतून बाहेर पडला आणि पायऱ्या उतरून पंपाच्या खड्ड्याकडे गेला, कारण तिथे फोन होता. हिरवट पिवळा थर त्याच्या मागोमाग पायऱ्या उतरला. लक्षात ठेव, आपले प्रकल्प नदीकाठी असतात, म्हणजे खोलगटात. दिवसा समुद्राकडून, पश्चिमेकडून वारा असतो. रात्री तो मंदावतो किंवा उलटा वाहतो, आणि थंड हवा उतारावरून नदीकडे घसरते. जड वायू तिच्याबरोबर जातो. निवांत, दव पडणारी पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. त्यामुळे आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, बघायची, वाऱ्याला आडवं होऊन ढगातून बाहेर पडायचं, मग वाऱ्याच्या उगमाकडे आणि चढाकडे. फडकं ओलं करून तोंडाला धरलं तर पळण्यापुरती थोडी मदत होते, काम करण्यापुरती नाही.

परत आत जायचं ते पाठीवर हवेचं सिलिंडर असलेल्या एससीबीए सेटनंच, दोघांनी, आणि तिसरा बाहेर तोच सेट घालून तयार. गाळणीची डबी लावलेला मास्क फक्त बाहेर पळायला. दाढी असेल तर चेहऱ्याला मुखवटा बसत नाही, मी दोन जणांना त्यासाठी दाढी काढायला लावली आणि शिव्या खाल्ल्या. छोट्या सिलिंडरची आणि टनरची गळती बंद करायची किट वेगवेगळी असते. ती घालायचा सराव कोरड्या, रिकाम्या टनरवर दर तीन महिन्यांनी करा. कुलुपात ठेवलेली किट आणि हरवलेली किल्ली ही जोडी मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिली. गळणारा वायू शोषायला कॉस्टिक सोडा लागतो, किलोला सव्वा किलो धर. म्हणजे एका टनरसाठी टनाहून जास्त. तेवढा तुमच्याकडे आहे का, ते मोजून बघ. नसेल तर तसं लेखी दे. भारतीय मानक ४२६३ हे क्लोरीनच्या सुरक्षेचंच आहे. ते ऑफिसात आहे का तेही विचार.

त्या रात्रीचं राहिलं. तो माणूस दहा मिनिटं खोकला, डोळे धुतले, मग म्हणाला, "आतां बरें." चहा घेतला. कुणीतरी फेणीचा घोट द्यायला निघालं होतं, ते मी थांबवलं, आणि तेवढंच त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं. त्याला चालत घरी जायचं होतं. रात्री अकराला त्याच्या छातीत घरघर सुरू झाली, तोंडाला फेस. क्लोरीन फुप्फुसातल्या ओलीत मिसळून आम्ल होतो, अस्तर भाजतं, आणि मग काही तासांनी तिथे पाणी भरतं. कधी कधी चोवीस तासांनीसुद्धा. मधल्या वेळात माणूस ठणठणीत वाटतो. तो वाचला, पण पुढे जिना चढताना कायम थांबायचा.

म्हणून भरपूर वायू ओढलेल्या माणसाला चालवायचं नाही. अर्धवट बसवून ठेवायचं, कपडे सैल, वायू लागलेले कपडे काढायचे, डोळे साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचे, असेल तर ऑक्सिजन, आणि १०८. दूध नाही, गूळ नाही, दारू तर नाहीच. बरं वाटतंय म्हणाला तरी रुग्णालयात नेऊन सांगायचं की क्लोरीन होता, किती वेळ होता, आणि रात्रभर ठेवा.

आता भावाचं. त्याच्याकडे वायूचं सिलिंडर नाही हे खरं, पण वायू तयार करायचं सगळं सामान आहे. पूलवर हायपोक्लोराइट (आम्ही हायपो म्हणतो, क्लोरीनचं द्रव रसायन) असतं आणि पाण्याचा सामू उतरवायला आम्ल असतं. दोन्ही पारदर्शक कॅनमध्ये, शेजारी शेजारी. हायपोच्या टाकीत चुकून आम्ल ओतलं की क्लोरीन तिथल्या तिथे, आणि पूलची पंपरूम बऱ्याचदा तळघरात. दाणेदार ब्लीचिंग आणि टीसीसीएच्या (दुसऱ्या जातीच्या क्लोरीन रसायनाच्या) गोळ्या एकाच मापानं काढल्या, ओलसर झाल्या तर त्या तापतात, पेटतात, स्फोटही होऊ शकतो. आणखी एक खोड: पूलचं पाणी फिरवणारा मोठा पंप वीज जाऊन बंद पडतो आणि वीज परत आली तरी बंदच राहतो, पण आम्ल आणि हायपो थोडं थोडं सोडणारे दोन्ही डोसिंग पंप आपोआप चालू होतात. पाइपात आम्ल आणि हायपो एकत्र जमतं. मग मोठा पंप सुरू झाला की साचलेला सगळा वायू पोहणाऱ्यांच्या नाकाशी. मोठा पंप थांबला की डोसिंग आपोआप थांबतं का, हे त्याला या आठवड्यात करून बघायला सांग. मोसमात वीज जाते तेव्हा पूल भरलेला असतो.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. नळाला येणारं पाणी ओप्याचं असो, अस्नोड्याचं की साळावलीचं, ते पिण्याजोगं करायला कुणीतरी या खोलीत उभं राहावंच लागतं. आईला सांग की तू तीन गोष्टी मागितल्या आहेस: बदलताना दुसरा माणूस, बाहेरच्या भिंतीवर पंख्याचं बटण, आणि डबाभर नवे वॉशर. पंखा जमिनीलगतची हवा ओढतो का तेही बघ, बहुतेक ठिकाणी तो छताला असतो आणि त्याचा उपयोग फक्त कोळिष्टकांना. या तीनपैकी एक जरी महिन्याभरात मिळालं नाही तर मला परत विचार, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

आणि उद्या पाळीवर गेलास की आधी पाना कुठे आहे ते बघ. चालू टनरचा पाना भिंतीवरच्या खिळ्यावर टांगायचा नसतो. तो व्हॉल्व्हवरच असायला हवा.